भाषांची निवड आणि स्मृतीचा कारभार

माहिती-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात शिरू पाहणारा विद्यार्थी कोणती प्रोग्रॅमिंग भाषा शिकावी याचे उत्तर नोकरीच्या जाहिरातींत शोधतो. परंतु भाषांचे आयुष्य जाहिरातींच्या मुदतीने मोजता येत नाही. १९५९ साली जिच्या आराखड्याचे काम सुरू झाले ती कोबोल कालबाह्य ठरून कैक वर्षे लोटली होती, तरी २०२० च्या एप्रिलमध्ये, महामारीमुळे बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा, अमेरिकेतील न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना ती जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन करावे लागले, कारण राज्याचे जुने दप्तर तिच्यावरच चालत होते.

म्हणून जाहिरातींऐवजी भाषांच्या मुळाशी असलेले प्रश्न पाहून निवड करावी, आणि माझ्या मते आरंभ सी भाषेने करावा. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवलेल्या या भाषेत संगणकाच्या स्मृतीतील जागा मागून घेण्याचा आणि काम सरताच ती परत करण्याचा कारभार बव्हंशी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्याच शिरावर असतो. परत करण्याचे राहून गेले तर जागा अडकून पडते, आणि परत केलेल्या जागेवर पुन्हा लिहिले तर तिथे आलेल्या दुसऱ्याच मजकुराची नासाडी होते. हा जाच नवशिक्याला नकोसा वाटतो खरा, तथापि तो ज्याने सोसला त्याला पुढच्या भाषा एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे म्हणून दिसू लागतात. जावा निरुपयोगी झालेली जागा आपण होऊन हुडकते व मोकळी करते, आणि ही युक्ती मूळची जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या सुमारास लिस्प या भाषेसाठी योजलेली; प्रचलित पायथन एखाद्या वस्तूचा उल्लेख किती ठिकाणी आहे याची गणती ठेवते आणि ती शून्यावर येताच जागा सोडते; रस्ट मालकीचे कडक नियम घालून बहुतेक प्रमाद प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच अडवते. मुख्यत्वे सीमध्ये लिहिलेल्या लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात २०२२ च्या डिसेंबरात रस्टला प्रवेश मिळाला, ही घटना केवढी मोठी हे स्मृतीशी झुंजलेल्यालाच कळावे.

जोडीला माहितीसाठ्यांतून माहिती मागवण्याची भाषा, एसक्यूएल, अवश्य शिकावी. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या सिद्धांतावर ती उभी आहे. माहिती कोणती हवी एवढेच तीत सांगायचे, ती कशी शोधायची हे प्रणाली ठरवते, आणि सीच्या अगदी विरुद्ध असलेल्या या वृत्तीची सवय बुद्धीला लागणे मला फार मोलाचे वाटते. तिसरी भाषा मात्र कामाने ठरवावी: ब्राउझरात चालणारे काही घडवायचे तर जावास्क्रिप्ट, अँड्रॉइडसाठी कोटलिन, आकडेवारीच्या विश्लेषणासाठी पायथन.