यंत्राचे पोट किती गुडघ्यांनी भरते?

आमच्या मोताळ्यात गुडघेदुखीचे कुणाला नवल वाटत नाही. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरकडे निघालेली एस. टी. आमच्या स्टँडवर थांबली, की पायरी उतरताना ‘बाप्पा रे!’ म्हणून दांड्याला लटकणारी एक तरी बाई दिसतेच. जन्मभर जी निंदणाला बसली, कापूस वेचताना वाकली आणि गाठोडे डोक्यावर घेऊन घरी आली, तिचे गुडघे साठीनंतर बोलू लागले तर दोष कुणाला द्यायचा? माझ्या आईचे गुडघे गेली सहा वर्षे बोलत आहेत. तेव्हा या विषयाचा मी आजवर जो काही विचार केला तो मुलाचा विचार. धंदेवाईकाचा विचार करण्याची पाळी यंदाच्या श्रावणात आली, आणि ती आणली माझ्या सख्ख्या भाच्याने.

भाचा हाडांचा डॉक्टर आहे. हुशार आहे, हाताला यश आहे. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून मलकापुरास इस्पितळ काढीत आहेत. श्रावणातल्या एका रविवारी तो आला, आजीच्या पाया पडला, चहा घेतला आणि बॅगेतून रंगीत पुस्तिका काढून माझ्यापुढे ठेवली. “मामा, आपण रोबोट घेतोय. सांधा बदलायचा रोबोट. आपल्या भागात पहिला. तुम्ही दहा लाख घाला. पाच वर्षांत दुप्पट होतील.”

दहा लाख हा आकडा त्याने कुठून काढला हे मला लगेच उमगले. वडिलांच्या माघारी आम्ही जे वावर विकले, त्याचे तेवढेच बँकेत पडले आहेत. ते आईच्या नावावर आहेत, आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांची तरतूद त्यातूनच व्हायची आहे.

मी मराठीचा मास्तर. मला आधी वाटले की यंत्रमानव म्हणजे हातात सुरी घेऊन उभा असलेला लोखंडी डॉक्टर. तसे काही नसते. बहुतेक यंत्रांत करवत शेवटी सर्जनच्याच हाती असते. रोग्याच्या हाडाचे मोजमाप आधी घेतात, काही पद्धतींत त्यासाठी सी. टी. स्कॅन काढतात, आणि हाड किती व कुठे कापायचे याचा नकाशा संगणकात ठरतो. ऑपरेशनच्या वेळी यंत्राचा बाहू सर्जनच्या हाताला त्या नकाशाच्या रेषेबाहेर जाऊ देत नाही. रेघ सरळ येते, हे खरे. उगीच नावे ठेवण्यासारखे त्यात काही नाही.

आई खाटेवर बसून सगळे ऐकत होती. तिने एकच विचारले, “त्या यंत्राले सालाचे किती गुडघे लागतात रे बाबा?”

भाचा हसला. म्हणाला, “आजी, ते काय चारा खाते?”

“बैलाले काम नसलं तरी कडबा त लागतेच नं!”

भाचा गेल्यावर रात्री मी वहीत त्या कडब्याचा हिशेब मांडला. आकडे त्याचेच, तोंडी सांगितलेले. यंत्र चार कोटींचे. दहा टक्क्यांनी कर्जाचे पहिल्या वर्षाचे व्याज चाळीस लाख. आठ वर्षांत यंत्र जुने होणार, म्हणजे वर्षाची झीज पन्नास लाख. कंपनीकडून देखभाल तीस लाख. एकूण एक कोटी वीस लाख, एकही रोगी आला नाही तरी. पहिल्या वर्षी १५० गुडघे मिळतील असा भाच्याचा अंदाज. भागाकार केला तर एका गुडघ्यामागे ८०,००० रुपये नुसते यंत्राचे झाले!

आता दुसरा आकडा पाहा. १६ ऑगस्ट २०१७ रोजी सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमती बांधल्या. त्या वेळी कोबाल्ट-क्रोमच्या नेहमीच्या संपूर्ण गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली. त्याआधी तोच सरासरी दीड लाखाच्या वर जात असे. म्हणजे त्या वेळच्या भावाने जी वस्तू रोग्याच्या पायात जन्मभर राहायची ती चौपन्न हजारांची, आणि जे यंत्र तासा-दीड तासात बाजूला सरायचे त्याचे ऐंशी हजार. त्यात पुन्हा प्रत्येक ऑपरेशनला लागणाऱ्या एकदाच वापरायच्या पाती आणि खिळे धरलेले नाहीत. गुडघे १५० ऐवजी ६०० झाले तर हाच भार २०,००० वर येतो. मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळांना ते साधत असेल. मलकापुरात सहाशे कुठून आणायचे?

गुडघे दुखणाऱ्या बायका आमच्याकडे हजारो आहेत, असे भाचा म्हणतो. आहेतच. पण दुखणारा गुडघा म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला, की आधी उधारी, मग बियाणे, मग लेकीचे लग्न, आणि उरलेच तर म्हातारीची वाटी. (आमच्याकडे सांधेबदलाला ‘वाटी बदलणे’च म्हणतात.) शिवाय ऑपरेशन करायचे तर मृगाच्या आत, कारण नंतर घरात सेवेला माणूस नसतो. यंत्राचे व्याज मात्र पावसाळा बघत नाही. हार्वेस्टरवाले पंजाबातून निघतात आणि जिथे पीक तयार तिथे यंत्र नेतात, म्हणून त्यांना परवडते. इस्पितळाचे यंत्र गावोगाव कसे हिंडणार?

राहिल्या योजना. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबाला पाच लाखांपर्यंत नेण्याचा आणि ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्याचा निर्णय २०२३ साली झाला, ही चांगलीच गोष्ट. परंतु योजनेत उपचारांचे दर ठरलेले असतात. यंत्राचे वेगळे पैसे त्यातून निघतील असे धरून कर्ज काढणे धाडसाचे. विमा कंपन्यांनी रोबोटची शस्त्रक्रिया वगळू नये असे विमा नियामकाने २०१९ मध्ये बजावले, पण रकमेवर मर्यादा घालण्याची मुभा ठेवली. आणि मास्तर नि बँकवाले सोडले तर आमच्या तालुक्यात असा विमा आहे कुणाकडे?

पुढच्या खेपेस मी हे सारे भाच्याला वाचून दाखविले. तो जरा तापला. “मामा, स्ट्रायकर कंपनीने २०१३ साली मेको कंपनी १६५ कोटी डॉलरला घेतली. ते काय वेडे आहेत?”

वेडे मुळीच नाहीत. मेकोला तोवर स्वतःच्या बळावर नफा दिसलेला नव्हता. पण स्ट्रायकर कृत्रिम सांधे बनविते, आणि मेकोच्या यंत्रावर स्ट्रायकरचेच सांधे बसतात. एकदा यंत्र घेतले की सांधा त्यांचा, पाती त्यांच्या, देखभाल त्यांची. कपाशीचे बियाणे दरसाल दुकानातूनच आणणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. भाच्या, स्ट्रायकर बियाणेवाला आहे, तू कास्तकार आहेस! बियाणेवाल्याला नफा झाला म्हणून कास्तकाराला झाला, असे मोताळ्यात तरी कुणी पाहिलेले नाही.

या व्यापाराची जुनी कथाही ऐकण्याजोगी आहे. १९९२ साली अमेरिकेत सॅक्रामेंटो येथे ‘रोबोडॉक’ नावाच्या यंत्राने माणसाच्या खुब्याच्या सांध्यासाठी प्रथम हाड कोरले. त्याआधी ते कुत्र्यांवर वापरून पाहिले होते. यंत्राच्या दोघा जनकांपैकी एक जनावरांचा डॉक्टर होता. १९९४ पासून ते जर्मनीत गेले आणि तिथे त्याची चलती झाली. पुढे स्नायूंना इजा झाल्याच्या, चाल बिघडल्याच्या तक्रारी आल्या, खटले झाले, आणि इस्पितळांनी ती यंत्रे बंद करून ठेवली. मूळ कंपनीने २००५ साली कारभार थांबविला. अमेरिकेत विक्रीची परवानगी मिळाली ती २००८ साली! पुढे दक्षिण कोरियात त्याच जातीच्या यंत्राने केलेले गुडघे आणि हाताने केलेले गुडघे दहा वर्षांहून अधिक काळ ताडून पाहिले. २०२० साली छापलेला निष्कर्ष असा, की रोग्याच्या चालण्यात वा सांध्याच्या टिकण्यात फरक दिसला नाही. नवी यंत्रे अधिक सुधारलेली आहेत असे भाचा म्हणतो. असतील. मग त्यांचीही दहा वर्षे भरू देत.

आणि सुधारणेचीच तर मला भीती वाटते. वापीच्या मेरिल कंपनीने २०२४ मध्ये आपल्याकडे बनविलेला ‘मिसो’ नावाचा गुडघ्याचा रोबोट पुढे आणला. देशी यंत्रे वाढली की किमती उतरतील, आणि उतरायलाच हव्यात. पण आज चार कोटींना घेतलेल्या यंत्राचे मग काय? आमच्या कॉलेजच्या कचेरीतला पहिला संगणक मोठ्या थाटाने, हार घालून आणला होता. आज त्याच्यावर हजेरीपत्रके ठेवतात.

भाच्याचे म्हणणे अगदीच फोल नाही, हेही सांगितले पाहिजे. तो म्हणाला, “मामा, लोक फलक पाहून येतात. शेजारच्या शहरात रोबोट आहे म्हटल्यावर माझ्याकडे कोण येईल?” या प्रश्नाला मजजवळ नीटसे उत्तर नव्हते. २००० साली पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी इस्पितळात डॉ. चित्तरंजन राणावतांनी बदलला, तेव्हा आमच्या पारावर चर्चा झाली ती डॉक्टरच्या हाताची. आता कँपला आलेल्या बायका विचारतात, “मशीनवालं हाय का?” भाच्याच्या हाताला यश असूनही त्याला यंत्राच्या आडोशाला उभे राहावेसे वाटते, याचे मला वाईट वाटले.

मी त्याला सांगितले, रोबोटसाठी पैसे देणार नाही. ऑपरेशननंतर व्यायाम करून घेणारी दोन माणसे आणि बायकांना राहायला एक खोली, एवढ्यासाठी तीन लाख देतो, बिनव्याजी. तो काही बोलला नाही. पुस्तिका मात्र विसरून गेला, की मुद्दाम ठेवून गेला, कोण जाणे.

आईचा उजवा गुडघा दिवाळीनंतर करायचा आहे. “माह्या नातवाच्याच हातून करीन,” असे ती म्हणते, “यंत्र असो का नसो.” भाऊबीजेला ताई येणार आहे. तिच्याबरोबर तो येतो का, हे त्याने अजून कळविलेले नाही.