कड्यावरचे बेट : शिंदळ माकुडी
बेट समुद्रातच असते असे नाही. सखल मुलुखाने वेढलेला सह्याद्रीचा कडाही तेथील वनस्पतींपुरता बेटच ठरतो. माळावर सहज दिसणाऱ्या रुईच्याच कुळातील शिंदळ माकुडी ही प्रदेशनिष्ठ, म्हणजे ठरावीक भूभागाबाहेर निसर्गतः न आढळणारी वनस्पती शिवनेरीसारख्या मोजक्या कड्यांच्या कपारींत तगून आहे. तिचे मांसल खोड पाणी साठवते, पावसाळ्यात पाने धरते आणि कोरड्या दिवसांत ती गाळून नुसतेच उरते. पिवळसर ठिपक्यांचे, गडद तांबडे, चांदणीसारखे फूल परागीभवनासाठी माश्यांना ओढून घेते. खोडाच्या तुकड्यापासून रोप सहज होते, परंतु अशी रोपे आनुवंशिकदृष्ट्या एकसारखी असल्याने कुंडीतल्या संवर्धनावर विसंबता येत नाही. चराई, वणवे आणि दरडी यांपासून मूळ कपारच राखावी लागते.