भाजलं तरी विष राहतंच!

शेंगदाण्यांना बुरशी दिसली की आपल्या होस्टेलवर ठरलेलं उत्तर, "भाजून घे रे, काही होत नाही!" मित्रांनो, होतं. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. भाजल्यावर बुरशी मरते, पण विष बरंचसं तसंच राहतं. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील आदिवासी गावांत पावसात भिजून बुरशी लागलेला मका लोकांनी खाल्ला. मका हेच त्यांचं रोजचं अन्न, टाकणार कसा? कावीळ होऊन शंभरावर माणसं दगावली. थोडं थोडं विष वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लिव्हरचा कॅन्सरही होऊ शकतो. खरा उपाय शेतात आणि कोठारातच आहे, धान्य कडकडीत वाळवून कोरडं ठेवणे. आपल्यापुरतं मी एवढंच सांगेन, काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे सरळ फेकून द्या.