नगरकेंद्रातील वाहनतळाचा पुनर्विकास : गेट्सहेड येथील ट्रिनिटी स्क्वेअरचा अभ्यास

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील बहुतेक लहानमोठ्या शहरांच्या मध्यभागी बहुमजली वाहनतळ उभे राहिले. पुढील पन्नास वर्षांत त्यांतील अनेक पाडले गेले आणि त्यांच्या जागी दुकाने व निवासी इमारती आल्या. वरवर पाहता हा केवळ बांधकामाचा विषय वाटतो. प्रत्यक्षात शहराच्या मध्यभागातील मौल्यवान जमिनीवर कोणाचा अग्रहक्क, उभ्या असलेल्या मोटारीचा की राहणाऱ्या माणसाचा, हा प्रश्न त्यामागे आहे. माणसाचा अग्रहक्क मान्य केल्यावरही तो माणूस कोण, हा दुसरा प्रश्न उरतोच. टाइन नदीच्या दक्षिण तीरावरील गेट्सहेड या शहरातील ट्रिनिटी स्क्वेअरच्या आधारे ही प्रक्रिया समजून घेणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

उद्दिष्टे :

१. नगरकेंद्रातील बहुमजली वाहनतळांच्या उदयाची व ऱ्हासाची कारणे स्पष्ट करणे.
२. वाहनतळाच्या जागेवर घरे व दुकाने उभारण्यामागील अर्थशास्त्र व नियम समजून घेणे.
३. ट्रिनिटी स्क्वेअरच्या पुनर्विकासाचे लाभ व मर्यादा तपासणे.

वाहनतळांचा उदय :

युद्धोत्तर ब्रिटनमध्ये खासगी मोटारींची संख्या झपाट्याने वाढली. कॉलिन ब्युकॅनन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘ट्रॅफिक इन टाउन्स’ हा अहवाल १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाढती मोटार आणि जुने शहर यांचा मेळ कसा घालावा, हा त्याचा विषय होता. मोटारींना अनिर्बंध मुभा दिल्यास शहराचे राहणीमान बिघडेल, हा इशारा त्यात होता. मात्र अनेक स्थानिक कौन्सिलांनी त्यातून उड्डाणपूल, रुंद रस्ते आणि बहुमजली वाहनतळ एवढाच अर्थ घेतला. ग्राहक मोटारीने येणार, तर त्याची मोटार बाजारपेठेतच उभी राहिली पाहिजे, अशी त्यामागील धारणा होती.

गेट्सहेडचा ट्रिनिटी स्क्वेअर वाहनतळ याच काळातील आहे. ओवेन लूडर यांच्या संस्थेतील रॉडनी गॉर्डन यांनी त्याचा आराखडा केला आणि १९६७ मध्ये तो खुला झाला. खाली दुकाने, वर एकावर एक रचलेले उघडे काँक्रीटचे मजले आणि माथ्यावर उपाहारगृहासाठी योजलेली जागा, असे त्याचे स्वरूप होते. माथ्यावरचे उपाहारगृह कधीच सुरू झाले नाही. १९७१ मध्ये माइक हॉजेस दिग्दर्शित आणि मायकल केन यांची प्रमुख भूमिका असलेल्या ‘गेट कार्टर’ या चित्रपटात ही वास्तू झळकली आणि गेट्सहेडबाहेरही ओळखली जाऊ लागली.

ऱ्हासाची कारणे :

या वाहनतळाची उपयुक्तता कमी होण्यामागे काँक्रीटची झीज हे एकच कारण नव्हते. १९८१ मध्ये टाइन अँड वेअर मेट्रोचे भुयारी स्थानक गेट्सहेडच्या मध्यभागी सुरू झाले आणि नदीपलीकडील न्यूकॅसलची मोठी बाजारपेठ काही मिनिटांच्या अंतरावर आली. त्याहून मोठा आघात १९८६ मध्ये झाला. त्या वर्षी गेट्सहेडच्याच हद्दीत, नदीकाठच्या पडीक औद्योगिक जमिनीवर मेट्रोसेंटर हे विशाल खरेदी संकुल खुले झाले. हा भाग शासनाने जाहीर केलेल्या उद्योगक्षेत्रात मोडत असल्याने तेथे करसवलती होत्या आणि ग्राहकाला मोटार विनामूल्य उभी करता येत होती. मोटारीसाठी बांधलेले नगरकेंद्र मोटारीच्याच बळावर चालणाऱ्या नव्या बाजारपेठेपुढे निष्प्रभ ठरले, हा विरोधाभास येथे लक्षात घेण्याजोगा आहे.

पुढे शहराची प्रतिमा बदलण्याचे मोठे प्रयत्न झाले. ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ हे शिल्प १९९८ मध्ये उभे राहिले. मिलेनियम पूल २००१ मध्ये, बाल्टिक कलाकेंद्र २००२ मध्ये आणि नदीकाठचे संगीतगृह २००४ मध्ये खुले झाले. परंतु पूल, कलाकेंद्र व संगीतगृह यांचा लाभ प्रामुख्याने नदीकाठाला झाला. चढावर वसलेली जुनी बाजारपेठ आणि तिच्या मधोमध उभा असलेला जीर्ण वाहनतळ यांचा प्रश्न तसाच राहिला.

पुनर्विकासाचे गणित :

वाहनतळाच्या जागेला मूल्य का प्राप्त होते, हे साध्या हिशोबाने स्पष्ट होते. ब्रिटनमध्ये एका मोटारीसाठी साधारणपणे २.४ मीटर रुंद व ४.८ मीटर लांब जागा आखली जाते. ती सुमारे साडेअकरा चौरस मीटर भरते. त्यात ये-जा करण्याची वाट व चढ-उताराचा मार्ग मिळवल्यास एका मोटारीमागे सुमारे २५ चौरस मीटर जागा लागते. इंग्लंडमध्ये २०१५ मध्ये ठरलेल्या राष्ट्रीय मानकानुसार दोन व्यक्तींसाठीच्या एका शयनगृहाच्या सदनिकेचे किमान क्षेत्रफळ ५० चौरस मीटर आहे. म्हणजे दोन मोटारी जेवढी जागा व्यापतात, तेवढ्यात दोन माणसांचे घर बसते. जिने व सामाईक जागा धरल्यास हे प्रमाण थोडे बदलते, पण मूळ मुद्दा बदलत नाही.

असे असले तरी वाहनतळाच्या जुन्या इमारतीचे घरांत रूपांतर करणे सहसा शक्य होत नाही. तिच्या मजल्यांची उंची कमी असते, जमीन अनेकदा उतरती असते आणि मजल्याच्या मध्यभागापर्यंत पुरेसा उजेड पोहोचत नाही. त्यामुळे पाडकाम व नवे बांधकाम हाच मार्ग उरतो आणि त्याचा खर्च विक्रीतून वा भाड्यातून भरून काढावा लागतो.

शासकीय धोरणही या दिशेने वळले होते. १९९६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोठ्या दुकानांसाठी प्रथम नगरकेंद्रातील जागा शोधणे आणि त्यानंतरच शहराबाहेरच्या जागेचा विचार करणे अपेक्षित झाले. मार्च २००० मधील गृहनिर्माणविषयक सूचनांनी नव्या घरांपैकी ६० टक्के घरे पूर्वी वापरात असलेल्या जमिनीवर व्हावीत, असे लक्ष्य ठेवले आणि प्रत्येक घरामागे सरासरी दीडपेक्षा अधिक मोटारींची सोय करण्यास निरुत्साही केले. ही धोरणे पुढे बदलली. तथापि ट्रिनिटी स्क्वेअरसारख्या योजनांची आखणी ज्या काळात झाली, त्या काळावर त्यांचा ठसा होता.

वाहनतळाची जागा कौन्सिलच्या मालकीची असते, तेथे आणखी एक बंधन येते. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याच्या कलम १२३ नुसार अशी जमीन वाजवीपणे मिळू शकणाऱ्या सर्वोत्तम मोबदल्यापेक्षा कमी किमतीस देता येत नाही. त्यासाठी मंत्र्यांची संमती लागते. २००३ पासून लोकहिताच्या कारणास्तव वीस लाख पौंडांपर्यंतच्या कमी मोबदल्यास सर्वसाधारण संमती आहे. दुसऱ्या बाजूला, १९९० च्या नियोजन कायद्याच्या कलम १०६ खाली बांधकाम परवानगी देताना विकसकाकडून परवडणारी घरे, रस्ते वा अन्य सुविधा करारान्वये मागता येतात. घरांच्या किमती चढ्या असलेल्या शहरात अशा मागण्या पुरवता येतात. जेथे किमती कमी असतात, तेथे विकसकाच्या हाती फारसे उरत नाही आणि वाटाघाटीत कौन्सिलची बाजू दुबळी ठरते.

ट्रिनिटी स्क्वेअर : पाडकाम आणि नवे संकुल :

वाहनतळ पाडावा की जपावा, यावर गेट्सहेडमध्ये दीर्घकाळ मतभेद होते. काहींना तो युद्धोत्तर वास्तुकलेचा दुर्मीळ नमुना वाटत होता. अनेक रहिवाशांना तो शहरावरचा डाग वाटत होता. संरक्षित वास्तूचा दर्जा त्याला मिळाला नाही. २०१० मध्ये त्याचे पाडकाम झाले. काँक्रीटचे तुकडे डब्यांत घालून स्मरणिका म्हणून पाच पौंडांना विकले गेले. ज्या वास्तूला डाग म्हटले गेले, तिचीच आठवण घरी नेण्याची इच्छा लोकांना झाली, ही बाब या वास्तूशी असलेल्या संमिश्र नात्याची निदर्शक आहे.

टेस्को कंपनीची विकासशाखा असलेल्या स्पेनहिलने उभारलेले नवे संकुल २०१३ मध्ये खुले झाले. त्यात मोठे टेस्को भांडार, इतर दुकाने, उपाहारगृहे, चित्रपटगृह, वाहनतळ आणि नॉर्थम्ब्रिया विद्यापीठाच्या सुमारे १००० विद्यार्थ्यांसाठी खोल्या आहेत. विद्यापीठ न्यूकॅसलमध्ये असून नदीपलीकडे मेट्रोने सहज पोहोचता येते. एके काळी गेट्सहेडचा ग्राहक न्यूकॅसलला नेणारी मेट्रो आता न्यूकॅसलचा विद्यार्थी गेट्सहेडला आणू लागली.

या योजनेतील निवासी भाग सर्वसाधारण घरांचा नसून विद्यार्थ्यांच्या खोल्यांचा आहे. विकसकाच्या दृष्टीने त्यामागील तर्क सरळ आहे. २००८ च्या आर्थिक संकटानंतर सदनिका विकल्या जातील याची शाश्वती नव्हती. विद्यार्थ्यांकडून दरवर्षी भाड्याचे उत्पन्न येत राहते. शहराच्या दृष्टीने मात्र हिशोब वेगळा आहे. पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्याकडील घरपट्टीसारखा कर, माफ असतो. सुट्ट्यांत खोल्या रिकाम्या होतात. स्थानिक कुटुंबांच्या घरांच्या गरजेला त्यातून थेट उत्तर मिळत नाही. याउलट, दुकानांकडून मिळणारा व्यवसाय कर वाढतो आणि एप्रिल २०१३ पासूनच्या व्यवस्थेनुसार त्याचा काही भाग स्थानिक कौन्सिलांकडे राहू लागला. शिवाय संध्याकाळनंतर ओस पडणाऱ्या बाजारपेठेत तरुणांची वर्दळ आली, हा लाभही नाकारता येत नाही.

वास्तुसमीक्षकांचे समाधान मात्र झाले नाही. वर्षातील सर्वांत कुरूप इमारतीला ‘बिल्डिंग डिझाइन’ हे नियतकालिक ‘कार्बंकल कप’ हा उपरोधिक पुरस्कार देत असे. २०१४ च्या त्याच्या अंतिम यादीत नव्या ट्रिनिटी स्क्वेअरचा समावेश होता. ज्या कुरूपतेचे कारण देऊन जुनी वास्तू पाडली गेली, तोच आक्षेप अवघ्या वर्षभरात नव्या वास्तूवर आला.

तुलना :

याच वास्तुकारांनी पोर्ट्समथ येथे उभारलेले ट्रायकॉर्न सेंटर हे बाजार व वाहनतळाचे संकुल १९६६ मध्ये खुले झाले आणि २००४ मध्ये पाडले गेले. तेथे नव्या नगरकेंद्राची योजना होती. ती प्रत्यक्षात आली नाही. इमारत गेली आणि जागा दीर्घकाळ मोकळा वाहनतळ म्हणूनच वापरली गेली. पाडकाम म्हणजे पुनर्विकास नव्हे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. त्या तुलनेत गेट्सहेडमध्ये पाडकामानंतर तीन वर्षांत नवे संकुल उभे राहिले, याचे श्रेय मोठ्या कंपनीच्या आर्थिक ताकदीला द्यावे लागते. मात्र जो भांडवल पुरवतो, त्याच्या गरजेनुसार नगरकेंद्राचा आकार ठरतो, ही त्याची किंमत होय.

मोटारयुगाचा वारसा वाहनतळापुरता मर्यादित नव्हता. गेट्सहेडमधून जाणारा महामार्गाचा उड्डाणपूल त्याच्या रचनेविषयी चिंता निर्माण झाल्याने डिसेंबर २०२४ मध्ये बंद करावा लागला. त्यामुळे रिकाम्या होणाऱ्या जागेचे काय करावे, हा प्रश्न शहरापुढे पुन्हा उभा राहिला आहे.

निष्कर्ष :

१. नगरकेंद्रातील वाहनतळ निरुपयोगी ठरण्यामागे इमारतीच्या जीर्णतेइतकीच बाजारपेठेचे स्थलांतर व वाहतुकीतील बदल ही कारणे असतात.
२. दोन मोटारींच्या जागेत एक घर बसते हे खरे. परंतु ते घर कोणाला मिळेल हे क्षेत्रफळावरून नव्हे, तर स्थानिक घरांच्या किमती, कायदा आणि वाटाघाटी यांवरून ठरते.
३. ‘घरे’ या एका शब्दात कुटुंबाची सदनिका आणि विद्यार्थ्याची खोली दोन्ही सामावतात. योजनेचे मूल्यमापन करताना या दोहोंची स्वतंत्र नोंद होणे आवश्यक आहे.
४. नव्या बांधकामासाठी निधी व वेळापत्रक निश्चित होण्यापूर्वी केलेले पाडकाम शहराला पुन्हा वाहनतळाकडेच नेऊ शकते.

१९६७ मध्ये गेट्सहेडच्या मध्यभागी मोटारीला जागा देण्यात आली, तेव्हा तो निर्णय दूरदृष्टीचा मानला गेला होता. २०१३ मध्ये तीच जागा भांडार व विद्यार्थी यांना देण्यात आली. आता उड्डाणपुलाच्या निमित्ताने तिसरा निर्णय जवळ येत आहे. त्यात गेट्सहेडमध्ये कायम राहणाऱ्या कुटुंबांचा वाटा किती असेल, यावर पूर्वीच्या दोन निर्णयांपासून शहराने काय घेतले हे ठरेल.