रस्त्यावरून जाणारं रान

बॅन्फ गाव मागे टाकून लेक लुईझच्या दिशेने निघालं, की महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीहूनही उंच जाळी लागते आणि थोड्या वेळाने डोक्यावरून एक रुंद कमान जाते. कमानीवर गाड्या नाहीत, माणसं नाहीत. तिथे माती, गवत आणि स्प्रूसची झाडं आहेत. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वतराजीत वसलेल्या या राष्ट्रीय उद्यानात अस्वलांना, लांडग्यांना आणि हरणांना रस्ता ओलांडता यावा म्हणून बांधलेला हा पूल आहे. बहुतेक पर्यटक त्याच्याखालून भरधाव निघून जातात, आणि बॅन्फमधली सगळ्यात बघण्याजोगी गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटते.

हा महामार्ग चौपदरी करायला १९८० च्या दशकात सुरुवात झाली. त्याआधी गाड्यांना धडकून इतकी जनावरं मरत होती, की नुसतं रुंदीकरण म्हणजे कत्तलीला आमंत्रण ठरलं असतं. म्हणून कुंपण आलं, रस्त्याखालून भुयारी वाटा आल्या आणि १९९० च्या दशकात पन्नास मीटर रुंदीचे पहिले दोन हिरवे पूल उभे राहिले. आज उद्यानात असे सहा पूल आणि ३८ भुयारी वाटा आहेत. त्या वापरतं कोण, हे शोधण्याची सुरुवातीची पद्धत अगदी साधी होती. वाटेवर आडवी मऊ मातीची पट्टी पसरायची, दाताळ्याने ती सारखी करायची आणि पुढच्या खेपेला तिच्यावर उमटलेले पंजे नि खूर मोजायचे. नंतर कॅमेरे आले. काटेरी तारेला अडकलेल्या केसांवरून एकेका अस्वलाची डीएनए-ओळखही पटू लागली. ग्रिझली अस्वलांनी या पुलांवर विश्वास ठेवायला काही वर्षं घेतली. त्यांना आणि एल्क नावाच्या थोराड हरणांना मोकळे, रुंद पूल आवडतात, तर काळी अस्वलं आणि प्यूमा अरुंद, अंधाऱ्या वाटा पसंत करतात, हे या नोंदींतूनच कळलं. गाड्या आणि प्राण्यांच्या धडका एकूण ८० टक्क्यांहून अधिक घटल्या.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. नागपूरहून मध्य प्रदेशात जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तिथे नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेऊन खालून प्राण्यांना वाट दिली आहे, आणि तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ टिपले गेले आहेत.

बॅन्फला हे शहाणपण एका दिवसात सुचलं नाही. उद्यानाचा जन्म झाला तो गरम पाण्याच्या कुंडांवरून झालेल्या भांडणातून. १८८३ मध्ये फ्रँक मॅकेब, विल्यम मॅकार्डेल आणि टॉम मॅकार्डेल या रेल्वेवर काम केलेल्या तिघांना सल्फर पर्वताच्या पायथ्याशी एक गुहा सापडली. तिच्या छताला भोक होतं आणि आत गंधकाच्या वासाचं गरम पाणी. इथल्या आदिवासींना ही कुंडं पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती, पण मालकी सांगायला आले ते हे तिघं आणि त्यांच्यापाठोपाठ इतर बरेच जण. सरकारने १८८५ मध्ये कुंडांभोवतीची २६ चौरस किलोमीटर जमीन राखीव करून हा वाद मिटवला. १८८७ मध्ये तीच वाढवून कॅनडाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. आज त्याचं क्षेत्रफळ ६,६०० चौरस किलोमीटरहून अधिक आहे.

त्या वेळी निसर्ग राखण्याचा विचार कमी होता आणि तिकीटखिडकीचा जास्त. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेला डोंगरातून नेलेल्या लोहमार्गासाठी श्रीमंत प्रवासी हवे होते. १८८८ मध्ये कंपनीने बो नदीच्या काठावर बॅन्फ स्प्रिंग्ज हॉटेल उघडलं. स्टोनी नाकोडा आदिवासींना मात्र त्यांच्याच शिकारीच्या रानातून बाहेर ठेवण्यात आलं, आणि वर्षातून काही दिवस पर्यटकांसमोर नाचगाणी नि घोडदौड करायला बोलावलं जाऊ लागलं. पहिल्या महायुद्धात, १९१५ ते १९१७, कॅसल पर्वताखाली नजरकैदेची छावणी होती. कैदी बहुतांशी युक्रेनियन स्थलांतरित होते. ऑस्ट्रिया-हंगेरीचे नागरिक एवढाच त्यांचा गुन्हा. लेक लुईझकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याचं काम त्यांच्याकडून करून घेतलं. हिवाळ्यात त्यांना गुहेजवळच्या बराकीत हलवत. आता तिथे त्यांच्यावरचं प्रदर्शन आहे. गरम पाण्याची गुहा बघून घाईने बाहेर पडण्यापेक्षा त्या खोलीत थोडा वेळ द्यावा.

गुहेत पाण्याला हात लावायला मनाई आहे, आणि कारण आहे एक गोगलगाय. तांबड्या-तपकिरी रंगाची ही बॅन्फ स्प्रिंग्ज गोगलगाय मक्याच्या दाण्याहून मोठी नसते. सल्फर पर्वताच्या गरम झऱ्यांपलीकडे ती जगात कुठेच सापडत नाही. बोटांना लावलेलं सनस्क्रीन किंवा डास पळवणारं मलम पाण्यात उतरलं तरी तिच्या जिवाला धोका. आंघोळच करायची असेल तर डोंगराच्या वरच्या अंगाला अपर हॉट स्प्रिंग्जचा सार्वजनिक हौद आहे. बर्फ पडत असताना त्यात गळ्यापर्यंत बसायला लोक रांगा लावतात.

गाव म्हणाल तर चार चौरस किलोमीटरच्या आसपासचं, वस्ती आठ हजारांच्या आगेमागे. १९९० मध्ये त्याला स्वतःची नगरपालिका मिळाली, पण जमीन अजून केंद्र सरकारची आहे आणि घरं भाडेपट्ट्यावर. पैसा आहे म्हणून इथे सुट्टीचा बंगला घेता येत नाही. गावात नोकरी किंवा धंदा असलेले लोक आणि त्यांचं कुटुंब, मुख्यतः यांनाच राहण्याचा हक्क आहे. गावाची सीमा ठरलेली आहे आणि व्यापारी बांधकामालाही मर्यादा आहे. उद्यानात वर्षाला ४० लाखांहून अधिक माणसं येतात. ही बंधनं नसती तर बो नदीचं खोरं एव्हाना हॉटेलांनी भरून गेलं असतं. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर वाढत चाललेली बांधकामं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

गावातून पायी निघून दुपारच्या जेवणाला परतता येईल असा डोंगर म्हणजे टनेल माउंटन. जाताना जेमतेम अडीच किलोमीटर, चढ सोपा. याच्या पोटातून बोगदा काढायचा रेल्वेच्या सर्वेक्षकांचा बेत होता. वळसा घालणारा स्वस्त मार्ग सापडला आणि डोंगर वाचला. समोरच्या सल्फर पर्वतावर १९५९ पासून गोंडोला आहे. आठ मिनिटांत माथा येतो. पण पाय धड असतील तर साडेपाच किलोमीटरची नागमोडी वाट चढावी. नॉर्मन सॅन्सन हे इथल्या वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी ऊन-बर्फ न पाहता हाच डोंगर चढत. आयुष्यात त्यांनी तो हजाराहून अधिक वेळा चढला. १९०३ मध्ये बांधलेली त्यांची दगडी वेधशाळा माथ्यावर अजून उभी आहे.

जॉन्स्टन कॅन्यनमध्ये वाट कड्याला ठोकलेल्या सज्ज्यावरून जाते, आणि फळ्यांखाली ओढा घुमत असतो. खालचा धबधबा सव्वा किलोमीटरवर, वरचा अडीच किलोमीटरवर. काळ्या स्विफ्ट पक्ष्यांची घरटी या ओल्या कपारींत असतात, म्हणून उन्हाळ्यात वाट सोडून उतरायला बंदी आहे. हिवाळ्यात धबधबे गोठतात, आणि दोन हातांत बर्फाच्या कुऱ्हाडी घेऊन चढणारे गिर्यारोहक निळसर बर्फाला चिकटलेले दिसतात. बुटांना लावायचे खिळे गावात भाड्याने मिळतात. ते न घेता जाऊ नये.

मिनेवांका तलाव २१ किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या तळाशी एक गाव आहे. १९४१ मध्ये वीजनिर्मितीसाठी धरण उंचावलं तेव्हा मिनेवांका लँडिंग ही सुट्टीची वस्ती पाण्याखाली गेली. आता पाणबुडे तिथले घरांचे पाये आणि जुन्या धरणाचे अवशेष बघायला त्या बर्फगार पाण्यात उतरतात.

लेक लुईझ आणि मोरेन तलावाचा रंग फोटोत खोटा वाटतो, पण तो खरा आहे. हिमनदी खडक दळत येते, त्याचं पिठासारखं भुकट पाण्यात तरंगत राहतं आणि प्रकाशातला निळा-हिरवा भाग परतवतं. बर्फ वितळून हे पीठ पाण्यात उतरल्यावर, म्हणजे जून सरता सरता, रंग भरात येतो. मोरेन तलावाचं चित्र एकेकाळी कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेवर होतं. तिथे गर्दी इतकी वाढली, की २०२३ पासून खासगी गाड्या बंद केल्या. आता बसचं आरक्षण करूनच जायचं. तक्रार करणारे खूप आहेत, पण पार्किंगसाठी पहाटे तीनला निघण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

लेक लुईझच्या काठावर फोटो काढून परतणं ही मोठी चूक. तिथून साडेतीन किलोमीटर चढलं की लेक अ‍ॅग्नेसचं चहाघर लागतं. तिथवर गाडीरस्ता नाही, तरी किटली भरून चहा मिळतो. आणखी लांब, सहा हिमनद्यांच्या मैदानाजवळ, दुसरं चहाघर आहे. या भागात १८९६ मध्ये माउंट लेफ्रॉयवर फिलिप अ‍ॅबट हा गिर्यारोहक पडून मेला. त्यानंतर रेल्वे कंपनीने १८९९ मध्ये स्वित्झर्लंडहून वाटाडे आणले. त्यांनी १९२२ मध्ये अ‍ॅबटच्या नावाच्या खिंडीत दगडी निवारा बांधला. तो शंभर वर्षं टिकला. मग खालची गोठलेली जमीन वितळून उतार खचू लागला आणि २०२२ मध्ये तो उतरवावा लागला. हवामानबदल म्हणजे काय, हे सांगायला याहून ठसठशीत उदाहरण बॅन्फमध्ये नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सहलीत दिसणार नाही. २०१७ मध्ये एल्क आयलंड उद्यानातून सोळा बायसन आणून पँथर नदीच्या खोऱ्यात ठेवले. शेवटचा टप्पा त्यांनी हेलिकॉप्टरला टांगलेल्या कंटेनरमधून पार केला. शतकाहून अधिक काळ नाहीशा झालेल्या या जनावराचा कळप आता शंभराच्या पुढे गेला आहे. त्या खोऱ्यात रस्ता नाही. जायचं तर तंबू पाठीवर घेऊन, पायी किंवा घोड्यावरून.

कॅलगरीत आता बरीच मराठी कुटुंबं आहेत आणि बॅन्फ त्यांच्यापासून दीड तासावर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पाहुण्यांना इथे आणायची प्रथाच पडली आहे. पण जमत असेल तर सप्टेंबरचा शेवटचा पंधरवडा निवडावा. मोरेन तलावाच्या वर लार्च व्हॅली आहे. लार्च सूचिपर्णी असूनही पानं गाळणारा. गाळण्याआधी त्याच्या सुया पिवळ्याधमक होतात आणि डोंगरउतार त्या रंगाने भरून जातात. हाच अस्वलांचाही खाऊन घेण्याचा काळ. अस्वलांचा वावर वाढला की या वाटेवर किमान चौघांनी एकत्र, जवळजवळ राहून चालण्याचा आदेश निघतो. त्यात ढिलाई चालत नाही, दंड होतो. अस्वलांवर मारायचा तिखटाचा फवारा पिशवीच्या तळाशी न ठेवता कमरेला लावायचा, आणि वळणावर मोठ्याने बोलायचं. दोघंच असतील तर वाटेच्या तोंडाशी थांबून आणखी दोघांना सोबत घ्यायचं, ही इथली सर्रास रीत आहे.