गिझर बंद, पाणी मात्र गरम

संध्याकाळी घरोघरी दिवे, शेगड्या, हीटर एकदम सुरू होतात आणि वीजयंत्रणेवर ताण येतो. न्यूझीलंडमध्ये १९५० च्या दशकापासून त्यावर एक सुंदर उपाय वापरात आहे. विजेच्या तारांमधूनच वेगळ्या वारंवारितेचा संकेत पाठवला जातो. तो ओळखणारा रिले घरातल्या गरम पाण्याच्या टाकीचा पुरवठा काही काळ तोडतो. टाकीला उष्णतारोधक आवरण असते, त्यामुळे आंघोळ अडत नाही. २०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला नऊ युनिटांहून जास्त वीज लागते. एवढा भार गर्दीच्या वेळेतून हलवता येतो! पुरवठा मात्र टप्प्याटप्प्याने जोडावा लागतो, नाहीतर साऱ्या टाक्या एकदम सुरू होऊन नवाच ताण येईल. दुपारची सौरवीज वाढत असताना आपल्याकडच्या हॉटेलांनी आणि वसतिगृहांनी पाणी दुपारीच तापवून संध्याकाळी टाक्या बंद ठेवण्याचा प्रयोग करून पाहायलाच हवा.