तिवराखालचा चिखल

वरळीचे कोळी बोटी घेऊन समुद्रात जातात, मग त्यांच्या पोटापाण्याचा खाडीतल्या तिवरांशी संबंध काय, असं लालबागच्या एका वाचकाने विचारलं आहे. संबंध कोळंबीचा. बऱ्याच जातींची कोळंबी अंडी घालते समुद्रात. पण डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात, तिवरांच्या आडोशाला वाढतात आणि मोठी झाली की पुन्हा समुद्राकडे निघतात. खाडी हे त्यांचं आजोळच.

तिथं ती खातात काय? १९६०च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडात एरिक हील्ड यांनी खारफुटीची, म्हणजे तिवरांसारख्या झाडांची, गळालेली पानं तपासली, तर विल्यम ओडम यांनी माशांची पोटं. पान कुजतं, त्यावर बुरशी नि जिवाणू वाढतात आणि त्या कुजक्या चुऱ्यात ताज्या पानापेक्षाही जास्त प्रथिनं भरतात! हा चुरा खेकडे-कोळंबी खातात, त्यांना मासे. इतका देखणा शोध की जगभर खारफुटीच्या बाजूने त्याचाच दाखला दिला गेला. पुढे कार्बनच्या समस्थानिकांवरून कोणी काय खाल्लं हे कळू लागलं. आंध्रातल्या कोरिंगासारख्या ठिकाणी दिसलं, की बऱ्याच जीवांचं पोट पानांपेक्षा चिखलावरच्या सूक्ष्म शैवालावर आणि पाण्यातल्या प्लवकांवर भरतं. तिवरांचं मोल यानं घटत नाही. आडोसा त्यांचाच, गाळही तीच धरून ठेवतात. पण चिखलाचं मोल वाढतं.

ओहोटीला शिवडी बंदरावर जाऊन पाहा. तिवरांची श्वासमुळं चिखलातून बोटभर वर आलेली असतात. त्यांच्या पुढे नुसता उघडा गाळ. जरा थांबलात तर निवट्या (चिखलातली मासळी) दिसतात. डोकं डावी-उजवीकडे हलवत गाळावरचं शैवाल खरवडणाऱ्या. छोटे रोहित पक्षी इथे उतरतात तेही शैवालासाठीच.

इथे एथेलबर्ट ब्लाटर यांची आठवण काढायलाच हवी. हे स्विस जेझुइट पाद्री धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवायचे. १९०५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातल्या खारफुटीवर लेख लिहिला, नुसती नावांची यादी न देता तिच्या जीवनक्रमासह. शहर भराव टाकत पसरत होतं, त्या काळात! त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह झेवियर्समध्ये आजही आहे, पण खारफुटीच्या चर्चेत त्यांचं नाव क्वचितच निघतं.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीला चाप लावला, २०१२ मध्ये खारफुटीसाठी सरकारी कांदळवन कक्ष आला, २०१८ मध्ये न्यायालयाचा अंतिम निकाल. हे सगळं हवंच होतं. मात्र एखाद्या प्रकल्पासाठी तिवरं तोडायची वेळ आली, की बोलणी झाडांच्या आकड्यावर येतात: इतकी गेली, बदल्यात इतकी लावू. चिखल लावता येत नाही. उघड्या गाळावरच रोपं लावली, तर निवट्यांची जागा जाते ती वेगळीच. म्हणून प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात झाडांच्या संख्येशेजारी आणखी दोन आकडे मागितले पाहिजेत: ओहोटीला उघडा पडणारा गाळ किती हेक्टर, आणि त्यावर निवट्या, चिंबोऱ्या, कालवं धरून चालणारी घरं किती.